निवाडा कुणी करायचा?

१८५४च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईत तेरा जणांनी एकत्र येऊन एक सोसायटी काढली. तिचं नाव फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि लंडनची फोटोग्राफिक सोसायटी मुंबईपेक्षा जेमतेम पावणेदोन वर्षांनी मोठी होती. वर्षभरात मुंबईच्या सोसायटीचे सभासद दोनशेच्या पुढे गेले. तिचं स्वतःचं मासिक निघू लागलं. लष्करातले अधिकारी, डॉक्टर, सरकारी नोकर, व्यापारी असे सगळे त्यात होते. बहुतेकांचं पोट फोटोवर नव्हतं. ते हौशी होते.

मी स्वतः हौशी फोटोग्राफर आहे आणि ठाण्यातल्या एका छोट्या मंडळात गेली काही वर्षं नेमानं जातो. महिन्यातून एकदा आम्ही आपापले फोटो मांडतो, कुणीतरी बाहेरचा जाणकार येतो, आणि मग 'क्षितिज तिरकं झालंय', 'डावीकडचा विजेचा खांब टाळता आला असता', 'सावल्यांमध्ये काही दिसतच नाही' असं सुरू होतं. ही पद्धत आली कुठून याचं मला कुतूहल होतं. शोधायला गेलो होतो रचनेच्या नियमांचा इतिहास. सापडलं ते थोडं वेगळं होतं. फोटो चांगला की वाईट या प्रश्नाच्या आधी दुसरा एक प्रश्न नेहमी उभा असतो: हे ठरवणार कोण? आणि या प्रश्नावरून हौशी लोकांच्या या निरुपद्रवी वाटणाऱ्या बैठकांमध्ये बऱ्याच गंभीर गोष्टी घडून गेल्या आहेत.

सुरुवातीच्या काळात एकमेकांचे फोटो पाहणं म्हणजे बहुतांशी एकमेकांचं रसायनशास्त्र तपासणं होतं. १८५१मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानं ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायचं, ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, आणि ती ओली आहे तोवरच फोटो घेऊन, डेव्हलप करून मोकळं व्हायचं. काच सुकली की सगळं फुकट. विलायतेत त्यासाठी दहाएक मिनिटं मिळत. कलोडियन बनतं ईथर आणि अल्कोहोलमध्ये. मुंबईच्या उन्हाळ्यात ते किती भराभर उडत असेल याची कल्पना करा. त्यामुळे इथले अनेक जण कागदी निगेटिव्हची जुनी पद्धत धरून होते. विशेषतः मेण लावलेला कागद आधी तयार करून ठेवता येई आणि प्रवासात बरोबर नेता येई. रसायनं बोटीनं यायची, पाण्यात क्षार असायचे, पावसाळ्यात सगळ्यालाच दमट वास. अशा परिस्थितीत कुणाची निगेटिव्ह स्वच्छ आली, तर 'सुंदर' म्हणण्याआधी माणूस विचारणार, 'पाणी कुठलं वापरलंत?'

मला या टप्प्याबद्दल थोडा हेवा वाटतो. कारण तिथे टीका करणारा आणि फोटो दाखवणारा एकाच अडचणीत होते. डाग पडला तर तो कुणाच्या अभिरुचीचा दोष नव्हता.

डॉक्टर या मंडळींमध्ये इतके का असत, याचंही उत्तर रसायनातच आहे. कलोडियन त्या काळी जखमेवर लावायला वापरत, सिल्व्हर नायट्रेट तर दवाखान्यातलं नेहमीचं औषध. तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी या सोसायटीत दिसतात, यात नवल नाही. पेडण्याजवळच्या मांद्र्याहून आलेलं हे कुटुंब; भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकडीतले. सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर भाऊ होते, पुढे नारायणही होते. पण कॅमेऱ्याची खरी ओढ नारायण दाजींना. १८५७च्या प्रदर्शनात त्यांनी तीसेक फोटो मांडले होते. मराठी माणसाचे फोटो इंग्रजांच्या फोटोंशेजारी भिंतीवर लागले आहेत, आणि लोक एकामागून एक दोन्हींसमोर थांबत आहेत, हे दृश्य १८५७ सालातलं आहे हे लक्षात ठेवायला हवं. त्याआधीच, १८५५मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला होता. त्यातून तयार झालेल्यांत हरिश्चंद्र चिंतामण होते, ज्यांनी पुढे मुंबईत स्टुडिओ काढला. (हे तेच गृहस्थ, ज्यांनी मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरल्यावर त्यांचं स्वागत केलं आणि नंतर स्वागताचं बिल त्यांनाच दिलं. पण ती कथा वेगळी.)

सोसायटीच्या आश्रयानं १८५६ ते १८५८ या काळात एक मासिक अल्बम निघाला. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन हे त्याचे कर्ते. नाव होतं 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम'. छपाईत फोटो उतरवायची सोय नव्हती, त्यामुळे प्रत्येक अंकात तीन खरे प्रिंट चिकटवलेले असत आणि सोबत वर्णन. मुंबईतल्या इमारती, देवळं, लेणी, आणि माणसं: वेगवेगळ्या जातींची, धंद्यांची, पोशाखांची. नारायण दाजींचेही फोटो त्यात आहेत. घरात बसून दुसऱ्याचा फोटो हातात घेऊन निरखायची सोय या अल्बमनं केली.

पण याच जॉन्सननं पुढे १८६३ आणि १८६६ अशा दोन खंडांत मुंबईतल्या जातीजमातींवर पुस्तक काढलं. त्यासाठी त्यानं आधी काढलेल्या फोटोंतली माणसं कापून घेतली आणि ती मुंबईच्या निरनिराळ्या देखाव्यांवर बसवून पुन्हा फोटो केले. आजच्या भाषेत ज्याला आपण फोटोशॉप म्हणू, ते कात्री आणि डिंकानं. काम सफाईचं आहे, हे मान्य करावं लागतं. पण पाहताना डोळ्यांना खटकत राहतं: माणसावरचा उजेड एकीकडून, मागच्या इमारतीवरचा दुसरीकडून. फोटोमंडळाच्या सवयीनं मी तो दोष आधी टिपला. दुसरी गोष्ट मग लक्षात आली. फोटोतली ही माणसं कुणीतरी एकदा उभी केली, आणि ती कुठे उभी होती हे नंतर दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं. 'हे आमचं चित्र बरोबर नाही' असं म्हणायला त्यांच्यातलं कुणी त्या टेबलाशी बसलेलं नव्हतं. भाऊ दाजी बसले होते, नारायण दाजी बसले होते. कोळी, हमाल बसलेले नव्हते.

आता कलकत्त्याला जाऊ. तिथे जानेवारी १८५६मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बेंगाल स्थापन झाली. तिच्या पदाधिकाऱ्यांत राजेंद्रलाल मित्र होते. संस्कृतचे आणि पुरातत्त्वाचे थोर अभ्यासक, एशियाटिक सोसायटीत काम केलेले. एप्रिल १८५७मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये एक सभा झाली. विषय होता एक प्रस्तावित कायदा. मुलखात, म्हणजे मोठ्या शहरांबाहेर, राहणाऱ्या युरोपियनांवर कंपनीच्या स्थानिक फौजदारी न्यायालयांत खटले चालावेत, असा तो कायदा. गोऱ्या मंडळींनी अशा कायद्यांना 'काळे कायदे' असं नाव ठेवलं होतं. मित्र सभेत कायद्याच्या बाजूनं बोलले, आणि नीळवाल्या गोऱ्या मळेवाल्यांबद्दल अतिशय कडक शब्दांत बोलले. मळेवाले रयतेवर काय जुलूम करत हे बंगालमध्ये सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण ते एका बंगाली माणसानं भरसभेत म्हणणं ही निराळी गोष्ट.

त्याचा परिणाम असा झाला की मित्रांना फोटोग्राफिक सोसायटीतून काढून टाकलं.

त्या भाषणात फोटोग्राफीचा संबंध नव्हता. निगेटिव्हचा, प्रिंटचा, उजेडाचा काहीही नाही. तरी शिक्षा झाली ती फोटोमंडळाकडून. आणि जरा विचार केला तर त्यात एक तर्क दिसतो, कितीही कुरूप असला तरी. कायद्याचा मुद्दा काय होता? गोऱ्या माणसाच्या वागण्याचा न्याय मुलखातल्या न्यायालयानं करावा की नाही. सोसायटीच्या बैठकीत काय चालायचं? गोऱ्या माणसानं काढलेल्या फोटोबद्दल मित्र आपलं मत देऊ शकत होते. त्या टेबलाशी बसू दिलं गेलं, ते एका अटीवर: निवाडा फक्त फोटोंचा. टाऊन हॉलमध्ये त्यांनी तोच हक्क दुसऱ्या विषयावर वापरला. पुढच्याच महिन्यात मीरतला उठाव झाला आणि मग कुणाला या प्रकरणाकडे बघायला सवड उरली नाही.

मुंबईत असं का झालं नाही? भाऊ दाजी काही राजकारणापासून दूर नव्हते. १८५२मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. कंपनीच्या कारभाराविरुद्ध पार्लमेंटकडे अर्ज करणारी ती संस्था. तरी फोटोग्राफिक सोसायटीत त्यांची खुर्ची राहिली. माझा अंदाज असा की मुंबईत नीळवाल्यांसारखा गट नव्हता, आणि इथले पारशी, गुजराती शेटजी दुखावणं गोऱ्या व्यापाऱ्यांनाही परवडणारं नव्हतं. म्हणजे मुंबईचे साहेब जास्त उदार होते असं मी म्हणणार नाही. इथला हिशेब वेगळा होता.

मित्रांची गोष्ट १८५७ला संपत नाही, आणि हाच भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. त्यांनी पुढे ओरिसाच्या देवळांवर 'अँटिक्विटीज ऑफ ओरिसा' हा दोन खंडांचा ग्रंथ (१८७५, १८८०) आणि बोधगयेवर स्वतंत्र ग्रंथ (१८७८) लिहिला. त्यांत त्यांनी जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या इतिहासकाराला विरोध केला. फर्ग्युसनचं म्हणणं, हिंदुस्थानी लोक दगडात बांधायला शिकले ते ग्रीकांशी संबंध आल्यावर. मित्र म्हणाले, नाही. १८८४मध्ये फर्ग्युसननं मित्रांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं नाव पुस्तकाच्या शीर्षकातच घातलं. फर्ग्युसनचा मोठा भरवसा फोटोंवर होता. भारतातल्या इमारतींचे फोटो त्यानं हजारोंनी जमवले होते आणि लंडनमध्ये बसून ते शेजारी शेजारी ठेवून तो शैली आणि काळ ठरवत असे. यातले कितीतरी फोटो हौशी अधिकाऱ्यांनी काढलेले. मुंबई सोसायटीच्या संस्थापकांतला कॅप्टन थॉमस बिग्ज घ्या: १८५५मध्ये त्याला सरकारनं विजापूर, बदामी, ऐहोळे इथले फोटो काढायला नेमलं, मग ते काम डॉ. पिगू यांच्याकडे गेलं, आणि १८६६मध्ये त्या फोटोंचं पुस्तक निघालं तेव्हा त्यातली वास्तुकलेवरची टिपणं फर्ग्युसनची होती.

म्हणजे फोटो पाहून मत देणं आता करमणूक राहिलेलं नव्हतं. त्यावर देशाचा इतिहास ठरत होता. आणि फर्ग्युसनचा १८८४मधला खरा आक्षेप वाचावा तर तो देवळांच्या शिखरांबद्दलचा नाहीच. त्याच्या डोळ्यांसमोर इल्बर्ट बिल होतं. १८८३चं हे विधेयक भारतीय न्यायाधीशांना मुलखात युरोपियनांवर खटले चालवायची मुभा देणारं होतं. जो माणूस देवळाबद्दल नीट निर्णय करू शकत नाही, त्याच्या जातभाईंना युरोपियनांचा न्याय करू द्यायचा का, अशा वळणानं फर्ग्युसन जातो. सत्तावीस वर्षांनी तोच माणूस, तोच प्रश्न. एक तपशील राहिला: फर्ग्युसन तरुणपणी हिंदुस्थानात आला होता तो व्यापारासाठी, आणि त्यानं पैसा कमावला तो निळीत.

दरम्यान काचेची कटकट संपत आली होती. १८८०च्या आसपास तयार कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या, १८८८मध्ये कोडॅकचा कॅमेरा आला. आता रसायनाचं ज्ञान नसलेलाही फोटो काढू लागला आणि बैठकांमधली चर्चा रसायनावरून चित्राकडे वळली. इंग्लंडमध्ये टपालानं फिरणारे संच निघाले: पेटीत सगळ्यांचे प्रिंट आणि एक वही, प्रत्येकानं वहीत इतरांवर अभिप्राय लिहायचा आणि पेटी पुढच्याला पाठवायची. अमेरिकेत १८८५पासून एका शहराच्या क्लबच्या काचेच्या स्लाइड दुसऱ्या शहरात जाऊ लागल्या, संध्याकाळी पडद्यावर दाखवल्या जाऊ लागल्या. आपल्याकडे त्रिपुराचे महाराज बीरचंद्र माणिक्य यांनी आगरतळ्याच्या राजवाड्यातच कॅमेरा क्लब काढला होता. तिथल्या प्रदर्शनांत राणी मनमोहिनी यांचेही फोटो असत. पुरुषांच्या क्लबमध्ये जाऊन बसणं ज्या बायकांना शक्य नव्हतं, त्यांच्यातल्या एकीला निदान घरातच क्लब मिळाला. अर्थात त्यासाठी घर राजवाडा असावं लागलं.

न्यूयॉर्कच्या कॅमेरा क्लबमधलं प्रकरण मात्र गमतीचं आहे. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हा त्या क्लबचा तारा. बर्लिनमध्ये विद्यार्थी असताना, १८८७मध्ये, त्यानं एका इंग्रजी हौशी मासिकाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं होतं. परीक्षक होता पीटर हेन्री एमर्सन, त्या काळचा सर्वांत भांडखोर परीक्षक. न्यूयॉर्कला परतल्यावर स्टिग्लिट्झनं क्लबच्या पत्रिकेची सूत्रं हातात घेतली आणि 'कॅमेरा नोट्स' हे जगात नाव झालेलं नियतकालिक घडवलं. पण रविवारी सायकलवरून जाऊन फोटो काढणाऱ्या साध्या सभासदाला तो जुमानत नसे. त्याला कला हवी होती. सभासदांना क्लब हवा होता. १९०८मध्ये क्लबनं स्टिग्लिट्झला काढून टाकलं. कोर्टकचेरीची भाषा झाली तेव्हा परत घेतलं, आणि मग त्यानंच राजीनामा दिला. तोवर त्याची स्वतःची गॅलरी सुरू होऊन दोन वर्षांहून जास्त काळ झाला होता. त्याचं काही बिघडलं नाही. कलाइतिहासाची पुस्तकं हा प्रसंग साध्या सभासदांच्या कद्रूपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला सभासदांचीही बाजू थोडी कळते. दर वेळी फोटो घेऊन जायचा आणि एकाच माणसाचं मत ऐकून परत यायचं, यात मजा उरत नाही.

त्याच शहरात पुढे १९३६मध्ये फोटो लीग नावाची संस्था सुरू झाली. वर्गणी अगदी थोडी. सभासद बरेचसे स्थलांतरित ज्यू कामगारांची मुलं. दिवसा नोकरी, संध्याकाळी लीगची डार्करूम. सिड ग्रॉसमन तिथे शिकवायचा आणि विद्यार्थ्यांचे फोटो पाहताना तो अतिशय कठोर असे. त्याचा रोख रचनेपेक्षा दुसरीकडे असायचा: हा फोटो तू का काढलास, या माणसाशी तुझं काय नातं आहे? रस्त्यावरच्या माणसाचा फोटो काढून आणणाऱ्याला हे प्रश्न फार झोंबतात. माझ्या मंडळात ते कुणी विचारत नाही. विचारायला हवेत असं मला वाटतं, पण विचारले तर पुढच्या महिन्याला किती जण येतील याची खात्री नाही.

डिसेंबर १९४७मध्ये अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलनं देशद्रोही ठरवलेल्या संघटनांची यादी जाहीर केली. त्यात फोटो लीगचं नाव होतं. सुरुवातीला उलटच झालं. पाठिंबा म्हणून नवे लोक सभासद झाले. मग १९४९च्या कम्युनिस्ट नेत्यांवरच्या खटल्यात अँजेला कॅलोमिरिस साक्षीला उभी राहिली. ती फोटो लीगची सभासद होती. एफबीआयची खबरीही होती. तिनं ग्रॉसमनचं नाव घेतलं. संध्याकाळी सगळे आपापले प्रिंट टेबलावर पसरत असताना, कुणाचा फोटो कसा आहे यावर वाद चाललेले असताना, त्यांच्यातलं कुणीतरी माणसांची नोंद ठेवत होतं. त्यानंतर मोकळेपणानं बोलणं कसं शक्य होतं? लोक गळत गेले. १९५१मध्ये लीग बंद पडली.

लीगचं सर्वांत गाजलेलं काम म्हणजे हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचे फोटो. एरन सिस्किंडच्या गटानं तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात ते काढले. प्रत्येक फोटोवर गटात चर्चा व्हायची, नापसंत ते बाजूला पडायचे. पण फोटो काढणारे मुख्यतः गोरे होते. चर्चेत बसणारेही तेच. हेतू चांगला, फोटो उत्तम, आणि तरी हार्लेम म्हणजे गळकी घरं, गर्दी आणि उदास चेहरे, एवढंच त्यांतून समोर आलं. सिस्किंडनं उतारवयात एका मुलाखतीत ते एकांगी असल्याचं स्वतःच मान्य केलं. तिथे चांगलं पुष्कळ चाललं होतं आणि आम्ही ते दाखवलं नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. ही त्याच्या फोटोंवरची सर्वांत नेमकी टीका, आणि ती लीगच्या टेबलावर झाल्याचं दिसत नाही.

ते फोटो पुस्तकरूपात आले ते १९८१मध्ये. त्यात फोटोंसोबत मजकूर आहे तो हार्लेमच्या रहिवाशांचा. सरकारी लेखन प्रकल्पातल्या लोकांनी त्या काळी घरोघरी जाऊन टिपून घेतलेलं त्यांचं बोलणं. प्रस्तावना गॉर्डन पार्क्स यांची आहे. ते स्वतः कृष्णवर्णीय, स्वतः मोठे छायाचित्रकार, आणि तरुणपणी काही काळ हार्लेममध्ये राहिलेले.